भिंतीवरची कादंबरी : अ‍ॅलस्डेर ग्रे यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

योर्गोस लँथिमॉस यांच्या 'पुअर थिंग्ज' या चित्रपटाला २०२३ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात 'गोल्डन लायन' मिळाले आणि पुढच्या वर्षी चार ऑस्कर मिळाले. एमा स्टोनच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहून आले. चित्रपट ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, तिच्या लेखकाचे नाव मात्र या चर्चेत बहुधा एखाद्या ओळीपुरते येऊन गेले. अ‍ॅलस्डेर ग्रे हे ते नाव. २९ डिसेंबर २०१९ रोजी, ८५ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ग्लासगो शहरात त्यांचे निधन झाले. हे यश पाहायला ते नव्हते.

ग्रे यांचा परिचय साधारणपणे 'स्कॉटिश कादंबरीकार आणि चित्रकार' असा करून दिला जातो. परिचय खोटा नाही, पण त्यातल्या 'आणि' या शब्दाने बरेच नुकसान केले आहे. त्या शब्दामुळे त्यांच्या कामाची वाटणी झाली. साहित्याच्या अभ्यासकांनी कादंबऱ्या उचलल्या आणि चित्रांना जोडधंद्याचे स्थान दिले. कलेच्या जगाने त्यांना बराच काळ 'पुस्तके सजवणारा लेखक' समजून लांब ठेवले. मी साहित्याचा पदवीधर नाही आणि चित्रकलेचाही नाही. नोकरी सांभाळून, हाती लागेल ते वाचत आलेला माणूस आहे. कोणत्याच विभागात बसत नसल्याचा एक फायदा असा, की विभागांच्या भिंती पाळण्याची सक्ती माझ्यावर नाही. गेली काही वर्षे ग्रे यांची पुस्तके आणि त्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवून पाहताना माझे एक मत बनत गेले. ते असे : ग्रे हे मुळात भित्तिचित्रकाराच्या पद्धतीने विचार करणारे कलावंत आहेत. त्यांच्या कादंबऱ्यांची रचना, पुस्तकांची मांडणी आणि 'पुअर थिंग्ज'मधली एकमेकींना खोडणारी निवेदने हे सारे त्याच पद्धतीतून आले आहे. चित्रे बाजूला काढून या कादंबऱ्या वाचल्या, तर सजावट तेवढी गळते असे होत नाही, अर्थ बदलतो.

रिड्री ते आर्ट स्कूल

ग्रे यांचा जन्म २८ डिसेंबर १९३४ चा. ग्लासगोच्या पूर्वेकडील रिड्री या भागात नगरपालिकेने कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गासाठी बांधलेल्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. वडील पुठ्ठ्याचे खोके तयार करणाऱ्या कारखान्यात काम करत. ते समाजवादी विचारांचे होते आणि डोंगर चढण्याची त्यांना आवड होती. ग्लासगो हे त्या काळी जहाजांचे, पोलादाचे आणि आगगाडीच्या इंजिनांचे शहर होते. आपल्या रेल्वेची कित्येक वाफेची इंजिने ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात तयार होऊन बोटीने इकडे आली. ती बांधणारी 'नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी' १९६२ मध्ये बंद पडली. ग्रे यांची उमेदीची वर्षे आणि त्या शहराची उतरती कळा एकाच काळातली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

लहानपणापासून दमा, इसब आणि अफाट वाचन अशा तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या. १९५२ मध्ये आई गेली. त्या वेळी ते १७ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९५७ मध्ये बाहेर पडले. त्यांचा अभ्यासविषय रचनाकला आणि भित्तिचित्रण हा होता, ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रकलेच्या या शाखेत कलावंताला एक गोष्ट प्रथम शिकावी लागते : चित्र चौकटीत लटकत नसते, ते इमारतीचा भाग असते. दारे, खिडक्या, कमानी, खांब यांना टाळून चालत नाही, त्यांना चित्रात घ्यावे लागते. पाहणारा माणूस समोर स्वस्थ उभा नसतो. तो आत येतो, चालतो, मान वर करतो, अर्धे पाहून निघून जातो. त्याच्या नजरेने आधी काय पाहावे आणि नंतर काय, हे ठरवणे हा त्या कामाचा गाभा असतो.

याच विद्यार्थिदशेत त्यांनी एका कादंबरीची टिपणे सुरू केली होती. ती पुढे १९८१ मध्ये 'लॅनार्क' या नावाने प्रसिद्ध झाली. मधे पाव शतकाहून अधिक काळ गेला.

पाडलेली भिंत

आर्ट स्कूलमधून बाहेर पडल्यावर ग्रे यांनी हाती घेतलेले सर्वांत मोठे काम ग्लासगोच्या ब्रिजटन भागातील ग्रीनहेड चर्चमधले होते. विषय बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीचा. १९५८ पासून पुढची जवळजवळ पाच वर्षे ते या भिंतींवर झटत राहिले. एकदा काढलेले पुसायचे, आकृती हलवायची, पुन्हा रंगवायचे, असा त्यांचा क्रम होता. पुढे वस्ती विखुरली, जुन्या चाळवजा इमारती पाडून शहराची पुनर्रचना सुरू झाली आणि चर्चही जमीनदोस्त झाले. त्या चित्राची आज छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

या नुकसानीचा ग्रे यांच्या लेखनावर झालेला परिणाम थेट दाखवता येतो. 'लॅनार्क'मधला तरुण चित्रकार डंकन थॉ हा बराचसा ग्रे यांच्याच आयुष्यावर बेतलेला आहे. तोही एका चर्चमध्ये सृष्ट्युत्पत्तीचे भित्तिचित्र काढायला घेतो. त्याचे काम संपत नाही. तो त्या इमारतीतच राहू लागतो, शिक्षण सुटते, मनाचा तोल जातो आणि शेवटी तो समुद्रात शिरून जीवन संपवतो. ग्रे स्वतः त्या भिंतीपासून सुटले; थॉ सुटला नाही. वास्तवातील चित्र नष्ट झाले, पण ते काढताना कलावंताचे काय होते हे कादंबरीत राहिले. भिंत पाडता येते, पुस्तकाच्या सगळ्या प्रती पाडता येत नाहीत, एवढा साधा व्यवहारही यात आहे. ज्याच्याकडे पैसा नाही आणि ज्याची भिंत दुसऱ्याच्या मालकीची आहे, त्याला हा व्यवहार चांगला कळतो.

१९६४ मध्ये बीबीसीने ग्रे यांच्यावर 'अंडर द हेल्मेट' हा माहितीपट दाखवला. बॉब किट्स यांनी केलेल्या या माहितीपटाची मांडणी अशी होती, की हा कलावंत आता हयात नाही असाच समज प्रेक्षकांचा व्हावा. तिशीही न गाठलेल्या, गावाबाहेर कोणालाही ठाऊक नसलेल्या चित्रकाराकडे लोकांनी लक्ष द्यावे यासाठी त्याला आधी मृत ठरवावे लागते, हा विनोद ग्रे यांच्या पुढच्या लेखनातल्या विनोदाशी फार जवळचा आहे.

३, १, २, ४

आता 'लॅनार्क'कडे येऊ. कादंबरी साडेपाचशेहून अधिक पानांची आणि चार खंडांची आहे. ती सुरू होते तिसऱ्या खंडाने. मग प्रस्तावना येते, मग पहिला आणि दुसरा खंड, आणि शेवटी चौथा. उपसंहारही शेवटी नाही. कादंबरी संपायला चार प्रकरणे उरली असताना तो मधेच येतो.

तिसऱ्या खंडात अनथँक नावाचे एक शहर आहे. तिथे सूर्य जवळजवळ उगवतच नाही आणि माणसे एकाएकी नाहीशी होतात. आपले नाव विसरलेला एक तरुण तिथे येतो. आगगाडीच्या डब्यातल्या छायाचित्राखाली 'लॅनार्क' हे गावाचे नाव दिसते, तेच तो स्वतःला घेतो. त्याच्या कातडीवर ड्रॅगनसारखे कठीण खवले चढू लागतात. पुढे एका अजब रुग्णालयवजा संस्थेत एक भविष्यवाणी करणारा आवाज त्याला त्याचा पूर्वजन्म सांगतो. तो पूर्वजन्म म्हणजे पहिला आणि दुसरा खंड, अर्थात ग्लासगोतल्या डंकन थॉची अगदी वास्तववादी कहाणी. चौथ्या खंडात आपण पुन्हा अनथँकला येतो. लॅनार्क त्या शहराचा प्रतिनिधी होऊन मोठ्या सत्ताधाऱ्यांच्या परिषदेत जातो आणि शहर वाचवण्यात अपयशी ठरतो.

सत्तरच्या दशकात एका प्रकाशनसंस्थेने या हस्तलिखिताच्या दोन स्वतंत्र कादंबऱ्या कराव्यात असे सुचवले होते. एक थॉची, दुसरी लॅनार्कची. ग्रे यांनी नकार दिला. तोवर त्यांच्या नावावर एकही कादंबरी नव्हती आणि मिळकतीचा भरवसा नव्हता, तेव्हा हा नकार सोपा नसणार. अखेर एडिनबर्गच्या कॅननगेट या प्रकाशनाने २५ फेब्रुवारी १९८१ रोजी ती अखंड छापली. आता ग्लासगोत २५ फेब्रुवारी हा 'ग्रे दिन' म्हणून पाळतात.

नकारामागचे कारण समजावे म्हणून मी एक प्रयोग केला. कादंबरीचे दुसरे वाचन आकड्यांच्या क्रमाने केले : १, २, ३, ४. हाती आली ती एका हुशार, आजारी, एकाकी मुलाची जडणघडण आणि तिच्यामागे जोडलेली एक मरणोत्तर कल्पनाकथा. वाचायला ती सोपी गेली, पण तिचा जीव अर्धा झाला होता. अनथँक हे थॉच्या पापपुण्याचे फळ वाटू लागले, एखाद्या नरकासारखे. ग्रे यांच्या क्रमात तसे होत नाही. तिथे आपण आधी अंधारातल्या शहरात वावरून येतो आणि मग रिड्रीतल्या शाळा, ग्रंथालये, स्वयंपाकघरे पाहतो. थॉच्या अंगावरचा इसब वाचताना आपल्याला खवले आधीच ठाऊक असतात. ग्लासगोचा प्रत्येक उजेडाचा प्रसंग त्या अंधारावर रंगवलेला दिसतो.

हा क्रम भिंतीचा आहे. मोठ्या भित्तिचित्रात आपण डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी मोठा गडद आकार नजर खेचतो, मग त्याच्या पोटातले बारकावे दिसतात, मग पुन्हा त्या आकाराकडे पाहिले की तो निराळा भासतो. काळाच्या क्रमाने घडलेल्या गोष्टी भिंतीवर एकाच वेळी हजर असतात. ग्रे यांच्या १९६४ मधील 'कॉकॅडन्स' या मोठ्या तैलचित्रातही हेच आहे. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गल्ल्या, दिव्यांचे खांब, मुले आणि येणारे-जाणारे लोक एका जागी उभे राहून एका नजरेत मावणार नाहीत अशा तऱ्हेने वाकवून, पसरून एका फलकावर आणले आहेत. तो भागही पुढे पाडला गेला.

बोलणारी पाने

'लॅनार्क'च्या प्रत्येक खंडाला ग्रे यांनी स्वतः काढलेले पानभर शीर्षकचित्र आहे. जुन्या युरोपीय ग्रंथांच्या कोरीव शीर्षकपानांची ती घडण आहे. चौथ्या खंडाचे चित्र थॉमस हॉब्ज यांच्या १६५१ मधील 'लेव्हायथन' या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या प्रसिद्ध शीर्षकपानावरून घेतले आहे. असंख्य माणसांच्या देहांनी बनलेला एक मुकुटधारी महाकाय पुरुष प्रदेशावर उभा आहे. ग्रे यांच्या चित्रात तो प्रदेश स्कॉटलंडचा झाला आहे. चौथा खंड वाचण्यापूर्वीच हे चित्र सांगून टाकते, की पुढे येणारी सत्ता कोणा एका दुष्टाची नाही, ती माणसांनीच बनलेली आहे आणि माणसांवरच जगते. पुढे लॅनार्क परिषदेत का हरतो, याचे उत्तर मजकुरापेक्षा त्या चित्रात अधिक स्वच्छ आहे.

उपसंहाराची पाने तर थेट भिंतीसारखी कप्प्याकप्प्यांची आहेत. मध्यभागी लॅनार्क आणि त्याचा लेखक यांचा संवाद चालतो, खाली तळटिपा लेखकाला टोचत राहतात आणि बाजूच्या समासात वाङ्मयचौर्याची सूची उतरत जाते. कोणाकडून काय उचलले ते ग्रे यांनीच तिथे मांडले आहे. कादंबरी ४४ प्रकरणांची असताना ही सूची त्यापुढच्या, अस्तित्वातच नसलेल्या प्रकरणांचेही दाखले देते! आपल्याकडच्या संशोधनपर ग्रंथांतल्या सूची ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको.

१९८३ मधील 'अनलाइकली स्टोरीज, मोस्टली' या कथासंग्रहात एक चिठ्ठी घातलेली होती. ही चिठ्ठी चुकून घातली गेली आहे, एवढेच तीत सांगितले होते. १९८४ च्या '१९८२, जेनिन' या कादंबरीत हॉटेलच्या खोलीत एका रात्रीत कोसळणारा एक मध्यमवयीन माणूस आहे. त्याचे मन फुटते तेव्हा पानही फुटते. मजकूर स्तंभांत विभागला जातो, वेगवेगळ्या आकारांची अक्षरे एकमेकांवर चालून येतात आणि कुठला आवाज आधी वाचावा हे वाचकाला कळेनासे होते. हे लेखकाने जुळाऱ्याला दिलेल्या सूचनांचे काम नाही. पान हेच चित्राचे क्षेत्र मानणाऱ्या माणसाचे काम आहे. विल्यम ब्लेक यांनी आपल्या कविता स्वतः कोरून, रंगवून छापल्या. ग्रे यांना ब्लेक लहान वयापासून प्रिय होते आणि त्यांच्या पुस्तकांचे कूळ तिथेच शोधावे लागते.

शहराचा नोंदकार

'लॅनार्क' प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे आधी, १९७७ मध्ये, ग्रे यांना एक विलक्षण नोकरी मिळाली. ग्लासगोच्या सामान्य जनतेचा इतिहास जपणाऱ्या 'पीपल्स पॅलेस' या संग्रहालयात शहराची चित्ररूप नोंद करणारा कलावंत म्हणून त्यांची नेमणूक झाली. संग्रहालयाच्या प्रमुख एल्स्पेथ किंग यांची ही कल्पना होती. नामांकित आणि अनाम अशा ग्लासगोकरांची व्यक्तिचित्रे आणि मोडकळीला आलेले रस्ते त्यांनी काढले. टेम्पलटनच्या गालिचा कारखान्यापासून मोनॅको बारपर्यंतच्या लंडन रोडचे चित्र याच वेळचे.

ही व्यक्तिचित्रे पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. माणसाच्या चेहऱ्याची रेषा नेमकी आणि अखंड असते, सावलीचा आधार फारसा नसतो, आणि माणूस रिकाम्या पार्श्वभूमीवर नसून त्याच्या वस्तूंमध्ये असतो : खुर्ची, कप, पुस्तके, खिडकीबाहेरची इमारत. अशी रेषा एकदा सापडली की ग्रे ती जपून ठेवत. अनेक वर्षांनी तोच चेहरा एखाद्या भित्तिचित्रात किंवा पुस्तकाच्या पानावर पुन्हा अवतरतो.

'लॅनार्क'मध्ये थॉचे एक गाजलेले मत आहे. आशय असा, की फ्लॉरेन्स किंवा पॅरिसला प्रथमच जाणारा माणूसही तिथे परका नसतो, कारण चित्रांतून आणि कादंबऱ्यांतून तो तिथे आधीच राहून आलेला असतो. ग्लासगोत मात्र खुद्द तिथले लोकही कल्पनेने राहत नाहीत. गिरणगाव मोडताना पाहिलेल्या मराठी वाचकाला या विचाराचे वजन कळेल. मुंबईची मोडतोड होत असताना निदान नारायण सुर्वे, बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये आणि नामदेव ढसाळ यांनी ती शब्दांत राहती करून ठेवली होती. ग्लासगोसाठी हे काम करायला ग्रे यांना शब्द अपुरे वाटले आणि रेषाही अपुरी वाटली, म्हणून त्यांनी दोन्ही वापरले. नोंदकाराची नोकरी आणि कादंबरी ही दोन कामे नव्हती.

बेलाची हरकत

१९९२ च्या 'पुअर थिंग्ज'ला व्हिटब्रेड कादंबरी पुरस्कार आणि गार्डियन फिक्शन पारितोषिक मिळाले. या कादंबरीत ग्रे स्वतःला लेखक म्हणवतच नाहीत, संपादक म्हणवतात. रस्त्यावर टाकलेल्या कागदपत्रांत आर्चिबाल्ड मॅककँडलेस या डॉक्टरचे जुने पुस्तक सापडले, ते आपण छापत आहोत, असे ते सांगतात. त्या पुस्तकात गॉडविन बॅक्स्टर हा शल्यविशारद क्लाइड नदीत बुडालेल्या गर्भवती स्त्रीच्या देहात तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून बेला बॅक्स्टर घडवतो. शेवटी त्या स्त्रीचे, व्हिक्टोरियाचे, पत्र येते. आपल्या नवऱ्याने लिहिलेले हे सारे बनावट आहे, आपण साधी, हाडामांसाची, शिकून डॉक्टर झालेली स्त्री आहोत, असे ती ठणकावते. त्यानंतर संपादक ग्रे यांच्या ऐतिहासिक टिपा आहेत आणि त्या पुन्हा नवऱ्याचीच बाजू घेतात.

पुस्तकातली व्यक्तिचित्रे ग्रे यांनी काढली असूनही ती विल्यम स्ट्रँग या खऱ्याखुऱ्या स्कॉटिश मुद्राचित्रकाराच्या नावावर घातली आहेत. सोबत शरीरशास्त्राच्या जुन्या आकृत्या आहेत. एक शुद्धिपत्रही आहे : अमुक पानावरचे चित्र प्रसिद्ध फ्रेंच डॉक्टर शार्को यांचे नसून एका फ्रेंच उमरावाचे आहे, असा खुलासा त्यात आहे. म्हणजे इथे चित्रे पुरावा म्हणून येतात आणि तो पुरावाच संशयास्पद असतो. छापील चित्र दिसले की आपण मजकुरावर अधिक विश्वास ठेवतो, या आपल्या सवयीवर ही कादंबरी उभी आहे.

चित्रपटाने कथा ग्लासगोतून लंडनला नेली आणि व्हिक्टोरियाचे पत्र गाळले. दिग्दर्शकाला तो अधिकार आहे आणि चित्रपट त्याच्या परीने देखणा आहे. पण गेले काय, ते नोंदवायला हवे. पत्र गेले की बेला ही पुरुषांनी रचलेली अद्भुत आकृतीच राहते. कादंबरीत त्या आकृतीला हरकत घेण्याचा हक्क आहे.

ही हरकत ग्रे यांच्या सबंध कारकिर्दीच्या संदर्भात मला फार मोलाची वाटते. कारण त्यांच्या कामातली मोठी उणीव इथेच आहे. त्यांच्या चित्रांत स्त्रीदेह पुन्हा पुन्हा येतो, सुंदर रेषेत, पण बहुधा पाहिला जाण्यासाठी. '१९८२, जेनिन'मध्ये नायकाच्या कामुक कल्पनांची पानेच्या पाने आहेत. त्या कल्पनांमागची हतबलता लेखकाला कळते हे खरे, तरी ती कळल्यामुळे त्या पानांतली स्त्री जिवंत होत नाही. 'लॅनार्क'मधली रिमाही लॅनार्कच्या गरजेपलीकडे क्वचितच दिसते. 'पुअर थिंग्ज'मध्ये प्रथमच चित्रकाराने खोडरबर चित्रातल्या स्त्रीच्या हाती दिले आहे. तरीही शेवटचा शब्द संपादकाने स्वतःकडे ठेवला, हे विसरता येत नाही. त्या टिपांकडे विनोद म्हणून पाहता येते. मला त्यांत जुनी सवयही दिसते.

दुसरी उणीव स्वतःवरच भाष्य करण्याची. आक्षेप येण्याआधी आपणच तो मांडून मोकळे व्हायचे, ही 'लॅनार्क'च्या उपसंहारातली युक्ती तिथे ताजी आहे. पुढे ती अंगवळणी पडली. समीक्षकाला निःशस्त्र करणारा लेखक कधी कधी वाचकालाही बाहेर ठेवतो.

चर्चचे छत

ग्रे यांच्या चित्रांना मान मिळायला त्यांची सत्तरी उलटावी लागली. २००३ पासून ते ग्लासगोच्या पश्चिमेकडील एका जुन्या चर्चच्या छतावर काम करू लागले. ते चर्च आता 'ऑरान मोर' या नावाचे मद्यालय आणि नाट्यगृह आहे. गडद निळ्या आकाशात तारे आणि राशी, आणि सोबत ओळखीच्या ग्लासगोकरांचे चेहरे, असे ते विशाल छत आहे. सहायकांना घेऊन ते वर्षानुवर्षे त्यावर काम करत राहिले. विषय पुन्हा तोच, सृष्टी आणि माणसाचे तीतले स्थान. पहिले चर्च चर्चच राहिले आणि पाडले गेले. दुसऱ्यात दारू मिळू लागली म्हणून ते वाचले आणि त्यात चित्रही वाचले.

२०१० मध्ये 'अ लाइफ इन पिक्चर्स' हे त्यांचे चित्रमय आत्मचरित्र आले. २०१२ मध्ये हिलहेड भुयारी रेल्वे स्थानकात निकोल व्हीटली यांच्या साहाय्याने केलेले त्यांचे फरशांवरचे लांबलचक भित्तिचित्र लागले. २०१४ मध्ये, ८० व्या वर्षी, केल्विनग्रोव्ह या ग्लासगोच्या मुख्य कलासंग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. २०१५ मध्ये ते घराबाहेरच्या पायऱ्यांवरून पडले आणि पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे चाकाच्या खुर्चीला जखडले. त्यानंतरही त्यांनी दान्तेच्या महाकाव्याचे इंग्रजी रूपांतर पूर्ण केले. त्याचा अखेरचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

मुखपृष्ठ काढलेली पुस्तके

एका स्कॉटिश लेखकाची ही कहाणी मराठी दिवाळी अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. दिवाळी अंकाच्या वाचकाला तर ती परकी वाटू नये. चित्र आणि मजकूर यांना एका अंगणात आणण्याचे काम ज्या मोजक्या जागांनी आपल्याकडे केले, त्यांत दिवाळी अंक अग्रभागी आहेत. दीनानाथ दलालांनी 'दीपावली' काढला तो चित्रकार म्हणून आणि संपादक म्हणूनही. प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास'मध्ये चित्रकाराचे गद्य लिहिले. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून वावरले आणि दोन भाषांत कविता लिहिल्या. पण कोलटकरांवरच्या लेखनात त्यांचे कलादिग्दर्शन बहुधा परिचयाच्या परिच्छेदापुरते येते. त्यांच्या कवितेतली ओळ पानावर कुठे तुटते, रिकामी जागा किती सोडली जाते, याचा आणि त्या व्यवसायाचा संबंध तपासणे अजून बरेच बाकी आहे.

मी ज्या सार्वजनिक वाचनालयांत वाढलो, तिथे पुस्तक आले की ते टिकावे म्हणून त्याला जाड बांधणी केली जाई. त्या बांधणीत मुखपृष्ठ जाई, मलपृष्ठ जाई, पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक येई. हेतू चांगला होता आणि त्यामुळेच ती पुस्तके माझ्या हातापर्यंत टिकली. पण मराठी वाङ्मय मुखपृष्ठाशिवाय वाचण्याची आम्हा अनेकांना सवय लागली. नव्या आवृत्तीत आतली रेखाटने गळतात, चित्रकाराचे नाव सूचीत येत नाही, आणि तक्रार कोणी करत नाही. मजकूर शाबूत आहे ना, मग पुस्तक शाबूत आहे, असे आपण धरून चालतो.

ग्रे यांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. त्यांचा मजकूर तेवढा घेतला तर 'लॅनार्क'चा महाकाय पुरुष जातो, उपसंहाराचे कप्पे जातात आणि 'पुअर थिंग्ज'चा खोटा पुरावा जातो. उरते ती चांगली कथा, जिचा चित्रपट करता येतो. म्हणून ज्यांना ग्रे वाचायचे आहेत त्यांना एकच विनंती : प्रत घेण्यापूर्वी ती उघडून पाहा. चित्रे, टिपा आणि समासातला मजकूर जिथल्या तिथे आहे याची खात्री करा आणि 'लॅनार्क' तिसऱ्या खंडापासूनच वाचायला घ्या.